आचलची सीट धामवर नेली तेव्हा

डाग या विषयात मला कोणी काही शिकवू नये. चौदा वर्षं मी वर्ध्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. परमँगनेटचा जांभळा, सिल्व्हर नायट्रेटचा काळा, आयोडीनचा पिवळा आणि परीक्षेच्या धास्तीने पोरांनी टेबलावर सांडलेला चहा, हे सगळे डाग मी या हातांनी काढले आहेत. प्राध्यापक येतात, बदलून जातात. डाग मात्र माझ्यापुढे टिकलेला नाही. तेव्हा आचलची कार सीट धुणं म्हणजे माझ्या लेखी जेवणानंतर हात धुण्याइतकंच काम होतं.

आचल माझी मुलगी, अडीच वर्षांची. आणि कार सीट म्हणजे लहान मुलांना गाडीत बांधून बसवायची खुर्ची. बाहेरून टणक प्लास्टिक, आत थर्माकोलचा जाड थर, वर मऊ गादी आणि खोळ, आणि खांद्यांवरून येऊन पोटाशी एका बकलात अडकणारे पट्टे. आमच्या गल्लीत ही वस्तू पहिल्यांदा आली तेव्हा समोरच्या सुमित्राबाईंनी माझ्या आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, की पोरीच्या पाठीत काही दोष आहे का.

दोष काही नव्हता. माझी बायको रोशनी दवाखान्यात अपघात विभागात नर्स आहे. हायवेवरच्या जाम गावाच्या चौरस्त्याकडून तिच्याकडे काय काय येतं ते ती घरी सांगत नाही. एका संध्याकाळी ती घरी आली, जेवली नाही, झोपलेल्या आचलजवळ बराच वेळ बसली आणि मोबाईल काढून तिने ती सीट मागवली. त्या दिवसापासून घरात एकच कायदा. सीट नाही तर गाडी नाही.

तर या सीटवर आष्टीहून येताना आचलने चार संत्री आणि ग्लासभर दूध एकदमच परत केलं. माझी बहीण आष्टीला असते, आणि तिच्याकडे गेलेल्या माणसाला संत्री खायचं थांबवायची मुभा नसते. दोन दिवस गाडी उन्हात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी मी दार उघडलं तर आतून असा वास आला, की मी नकळत मागे सरून त्याला वाट दिली.

रविवारी हिंगणघाटला रोशनीच्या मामेबहिणीचं लग्न होतं. शुक्रवारी कॉलेज लवकर सुटणार होतं. मी सकाळीच जाहीर करून टाकलं, की सीट मी धुतो, संध्याकाळपर्यंत नव्यासारखी मिळेल. ड्युटीला निघता निघता रोशनीने बरंच काही सांगितलं. खोळ तेवढी काढा, हाताने साध्या साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. पट्टे काढू नका, भिजवू नका, ओल्या फडक्याने नुसते पुसा. मागच्या खणात पुस्तक आहे, ते आधी वाचा. मी मान हलवत होतो. पण माझी एक खोड आहे. मी जागेपणी कुठेतरी निघून जातो. त्या वेळी मी खिडकीतून समोरच्या छपरावर बसलेल्या दोन होला पाखरांकडे बघत होतो आणि त्यांचं आपसांत काय बिनसलं असावं याचा विचार करत होतो. शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं, ते म्हणजे, "ऐकलं ना तुमी?"

ऐकलं, असं मी म्हणालो.

दुपारी मी अंगणात सीट घेऊन बसलो. पुस्तक वाचायचा प्रश्नच नव्हता. पुस्तकं ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी असतात. खोळ काढली. आतली गादी काढली. मग पट्ट्यांना नाक लावलं आणि ठरवलं की हेही निघाले पाहिजेत. मागे एक खिट्टी होती. ती सरकवली आणि एक पट्टा ओढला, तर बाकीचे आपणहून सुटत आले, स्वेटरचा एक धागा ओढल्यावर बाही यावी तसे. कुठला पट्टा कुठल्या फटीतून जातो याचा फोटो काढून ठेवावा असं मनात आलं होतं. पण ज्याने चौदा वर्षं दोनशे बाटल्यांच्या जागा डोक्यात ठेवल्या, त्याच्या लक्षात चार फटी राहणार नाहीत का?

मग धुण्याचा सोडा, व्हिनेगर आणि चार लिंबं घेऊन मी बादलीत माझं मिश्रण तयार केलं. फेस असा उसळला की बादलीच्या काठावरून ओघळून तुळशीपर्यंत गेला. माझी आई, शकुंतलाबाई, आचलला कडेवर घेऊन बाहेर आली आणि तिने विचारलं, की एवढी भजी कोणासाठी. मी पट्टे आणि खोळ त्यात बुडवली. पंधरा मिनिटांनी बाहेर काढली तेव्हा डाग गेला होता असं नाही, पण तो सगळीकडे सारखा पसरल्यामुळे वेगळा दिसत नव्हता.

आता हे सगळं खळबळून काढायला पाणी हवं होतं, आणि नळ उद्या येणार होता. टाकीतल्या पाण्याबद्दल आईने साफ सांगितलं, की ते स्वयंपाकाचं आहे, त्याला हात लावायचा नाही. तेव्हा मला पवनारची धाम नदी आठवली. पवनार घरापासून गाडीने वीस मिनिटं. नदीवर आपण शेवटचं कधी गेलतो, याचा विचार करत मी सगळं सामान डिकीत भरलं. आईने आचलची लाल कानटोपी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "जाऊनच राह्यला तर हे बी धुवून आण. आचल माझ्यापाशी झोपते."

पुलाच्या थोडं खालच्या अंगाला, जिथे बाया धुणी धुतात आणि काळे खडक पाण्यात पाठ वर करून बसलेले असतात, तिथे मी गाडी थांबवली. जानेवारीतलं दुपारचं ऊन होतं, म्हणजे आंघोळीनंतर आईने अंगावर टाकलेल्या पंच्यासारखं. पाणी खडकांमधून असं चाललं होतं की त्याला कुठेही पोचायची घाई नाही. पलीकडच्या काठावर तुरी वाळायला आल्या होत्या आणि वारा आला की शेंगा एकमेकींच्या कानात काही सांगत होत्या. थोडं वर एक म्हातारी बाई गोधडी आपटत होती. तिचं नाव जिजाबाई हे मला नंतर कळलं.

मी सगळं मनापासून धुतलं. खोळ एका झुडपावर वाळत घातली. सीटचं कवच किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात ठेवलं, वाहून जाऊ नये म्हणून कडेला एक दगड टेकवला. आतली गादी उन्हात चांगली वाळावी म्हणून परत कवचात बसवली, आणि टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून डोकं टेकायच्या जागी ओढून घातली. पट्टे हातात घेऊन मी शेजारच्या गरम खडकावर जरा आडवा झालो. पट्टे पिळायचे होते. कुठला कुठून जातो ते आठवायचं होतं. मी डोळे मिटले, कारण आठवायला डोळे मिटावेच लागतात.

नदीवरच्या झोपेला तळ नसतो. पाण्याचा आवाज आधी कानाबाहेर होता, मग कानात आला, मग मीच त्यात होतो. मला दिसलं की धाम तुरीच्या शेतांमधून वाहते आहे, दोन्ही बाजूंना पिवळी फुलं, आणि मधोमध आचल आपल्या सीटवर बसून चालली आहे. डोक्यावर लाल टोपी. एक पांढरा बगळा तिच्यापुढे उडत होता, वाट दाखवत. काठावर आमची सगळी गल्ली उभी होती. सुमित्राबाई होत्या, माझ्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या होत्या, रांगेने, आपापल्या लेबलांसकट. आचल सगळ्यांना हात हलवून दाखवत होती. माझा ऊर भरून आला. मी शेजारच्याला सांगत होतो, की ती माझी मुलगी, आणि सीट मी धुतलेली आहे.

मग तिने माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले, उचलून घे म्हणायला करते तसे. आणि मला कळलं, की ती बांधलेली नाही. पट्टे माझ्या हातात आहेत.

मी डोळे उघडले. पट्टे माझ्या हातात होते.

आणि नदीच्या मधोमध सीट चालली होती. लाल टोपी तिच्यासोबत डुलत होती. जिजाबाई गोधडी टाकून काठाने धावत होती आणि ओरडत होती, "लेकरू! लेकरू वाहून राह्यलं!"

आता तुम्ही म्हणाल, माणसाला एवढं कळायला नको? आचल घरी होती, आईपाशी झोपली होती, दगड सरकला आणि रिकामी सीट तरंगत निघाली, हे सगळं मला माहीत असायला हवं होतं. पण मी अजून अर्धा त्या पिवळ्या फुलांमध्ये होतो. माझ्या मनात एकच गोष्ट होती, की मी पट्टे काढले. रोशनीने नको म्हटलं आणि मी काढले.

मला पोहता येत नाही. हेही तेव्हा आठवलं नाही. मी खडकावरून उडी मारली.

पाणी थंडगार होतं. पाय शेवाळावरून सटकले, डोकं खाली गेलं, नाकातोंडात धाम गेली. मी हातपाय मारत होतो, खाली जात होतो, वर येत होतो, आचलला हाक मारत होतो, आणि प्रत्येक हाकेसरशी घोटभर पाणी पीत होतो. आयुष्य डोळ्यांपुढून जातं म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढून फक्त त्या चार फटी गेल्या. तेवढ्यात जवळूनच एक शांत आवाज आला.

"उभे राहा ना भाऊ. पाणी गुडघ्याएवढंच हाय."

मी उभा राहिलो. पाणी गुडघ्याएवढंच होतं. जिजाबाई लुगडं खोचून माझ्या शेजारी उभी होती, आणि तिचे तर गुडघेही नीटसे भिजले नव्हते.

पण सीट खाली निघून गेली होती, जिथे पाणी खोल होतं. तिथल्या काठावर श्रावण नावाचा एक मासे धरणारा माणूस होता. जिजाबाईची हाक ऐकून त्याने हातातलं जाळं तसंच सोडलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरला. मी खडकांवरून आपटत, पडत त्याच्याकडे धावलो. पुलावर दोन मोटरसायकली थांबल्या होत्या, मग एक ट्रॅक्टर थांबला. वरून कोणीतरी फोनवर जोरात सांगत होतं, की पवनारला गाडीच्या सीटसकट बाळ नदीत पडलं आहे, लाल टोपी आहे, अँब्युलन्स पाठवा.

सीट एका खडकावर जाऊन धाडकन आदळली. श्रावणने ती धरली, आत बघितलं, आणि तो तसाच थांबला. मग त्याने गादी उचलून बघितली. मग पाण्यात बुडी मारली. वर आला, श्वास घेतला आणि पुन्हा बुडी मारली. तो तिला शोधत होता. तिसऱ्यांदा तो वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. आणि त्याचा तो चेहरा बघून मी एकदम, पूर्ण, पायाच्या नखापर्यंत जागा झालो.

मी त्याला सांगितलं, की आत कोणी नव्हतं. मुलगी घरी आहे. सीट धुवायला आणली होती.

श्रावण माझ्याकडे बघत राहिला. त्याने मला दोन लगावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण तो काठावर चढला, सदरा काढून पिळला, आणि थरथरत बसून राहिला. मी ती सीट छातीशी धरून पाण्यात उभा होतो आणि मला रडू आवरत नव्हतं. लोकांना वाटलं थंडीने दात वाजताहेत.

इकडे फोन दवाखान्यात पोचला होता. अपघात विभागात निरोप आला, की पवनारहून बाळ येत आहे, बुडालेलं, कार सीट, लाल टोपी. रोशनी ड्युटीवर होती. अख्ख्या वर्ध्यात कार सीट असतील पाच-पंचवीस, पण लाल टोपीवाली तिच्या माहितीत एकच होती. तिने आईला फोन लावला. आईने फोन उचलेपर्यंत चार मिनिटं गेली, कारण आई आचलच्या शेजारी झोपली होती. आचल हाय, माझ्यापाशीच हाय, असं आईने सांगितलं. त्या चार मिनिटांत रोशनी कुठे होती, ते तिने मला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

मग तिने मला फोन केला. माझा फोन खडकावर पडला होता. तो जिजाबाईने उचलला आणि तिच्या आवाजाच्या नेहमीच्या मापाने ती बोलली, म्हणून काठावरच्या सगळ्यांना ऐकू आलं.

"बाळ नाई बाई. बाप हाय. ओला हाय."

थोडा वेळ ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हो, जिता हाय," आणि फोन माझ्याकडे दिला. रोशनी एवढंच म्हणाली, की घरी जा, आणि गाडी हळू चालवा.

अँब्युलन्स आधीच निघाली होती, ती आलीच. तिच्यातल्या माणसांनी श्रावणला तपासलं, घोंगडीत गुंडाळलं, चहा पाजला. मला कोणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. जे मी करायला हवं होतं ते पवनारच्या लोकांनी केलं, श्रावणचं सुटलेलं जाळं शोधून काढलं. ट्रॅक्टरवाला जाताना मला सांगून गेला, की पुढच्या वेळी धुणं आणाल तर दोरीने बांधून आणा.

संध्याकाळी रोशनी घरी आली. मी अंगणात सीटपाशी बसलो होतो आणि चार फटींमध्ये पट्टे ओवत होतो. सातव्यांदा. प्रत्येक वेळी एक पट्टा उरत होता. ती चिडेल, ओरडेल, म्हणून मी मान खाली घालून तयारच होतो. ती आत गेली. झोपून उठलेल्या आचलला घेऊन बाहेर आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. आचलने माझे ओले केस ओढले आणि विचारलं, की बाबा भुर्र कुठे गेलते.

मग मी रोशनीला सगळं सांगितलं. दगड, झोप, स्वप्नसुद्धा. आचलने हात पुढे केले आणि पट्टे माझ्या हातात होते, तेही. तिने सीट उलटी केली आणि आतल्या थर्माकोलवर बोट फिरवलं. खडकावर आदळून त्याला आरपार चीर गेली होती. हिने एक धक्का घेतला, आता दुसरा घेणार नाही, असं ती म्हणाली. पट्ट्यांचंही तिने मला समजावलं. सोड्यात भिजवले की त्यांच्या धाग्यांची ताकद जाते, वरून दिसत नाही, पण ज्या क्षणी धरायचं त्याच क्षणी सुटतात. म्हणून नुसतं फडकं सांगितलं होतं. मग तिने आतून कात्री आणली आणि ते पट्टे मधोमध कापून टाकले, म्हणजे भंगारातून उचलून दुसरं कोणी आपलं लेकरू त्यात बसवायला नको. मी चौदा वर्षांचा अनुभव बाजूला ठेवला आणि तुकडे गोळा केले.

रविवारी हिंगणघाटला आम्ही एसटीने गेलो. बुद्धविहारात पोचेपर्यंत मंगल परिणय आटोपून जेवणं सुरू झाली होती. सोमवारी मी पवनारला जाऊन श्रावणला भेटून आलो. तो बरा होता. त्याने मला दोन मासे दिले. मी त्याला काय द्यावं हे मला अजून सुचलेलं नाही.

मंगळवारी दुपारी दारात जिजाबाई उभी. हातात हरभऱ्याच्या भाजीची पिशवी. पत्ता तिने रोशनीला ओळखणाऱ्या अँब्युलन्सवाल्यांकडून मिळवला होता आणि दोन जागी विचारत आली होती. आईने पाणी दिलं, ते तिने खाली ठेवलं. बसा म्हटलं तर बसली नाही. ती दारातूनच घरात इकडेतिकडे बघत होती. मग मला म्हणाली, "पोरगी कुठं हाय?"

आचल आत भातुकली मांडून बसली होती. रोशनी तिला घेऊन बाहेर आली. जिजाबाईने आधी तिचे पाय चाचपले, मग हात, मग गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. आणि मग भिंतीला टेकून खाली बसली आणि ते पाणी एका दमात प्यायली.

तिने सांगितलं, की चार दिवस तिच्या घशाखाली भाकर उतरली नव्हती. सीट रिकामी हाय, असं मी म्हटलं होतं, पण माझं रडणं तिने जवळून बघितलं होतं. रिकाम्या खुर्चीसाठी कोणी असं रडत नाही. तिला वाटलं, लेकरू खरंच गेलं आणि बाप घाबरून सांगून नाई राह्यला. आज नदीवर धुणं घेऊन जायला तिचे पायच उठेनात, म्हणून ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आली होती.

मी तिच्या पाया पडलो. ती मला बाजूला सारत म्हणाली, की राहू दे भाऊ, तुम्ही वाकले की मले भ्याव वाटते.

चहा झाला. आईने तिला घरचे तिळाचे लाडू बांधून दिले. आचल तिच्या मांडीवर बसून पिशवीतला हरभऱ्याचा पाला एकेक करून तिच्या लुगड्यावर मांडत होती. निघताना जिजाबाईने रोशनीला फाटकापाशी बोलावून घेतलं आणि हळूच काहीतरी सांगितलं. हळूच म्हणजे तिच्या मापाने, त्यामुळे मला ओसरीत बसून ऐकू आलं.

"पोरगी शहाणी हाय बाई, तिचं काई भ्याव नाई. पण याइले नदीवर एकटं धाडत नको जाऊ."

रोशनीने मान हलवली. नुसती हलवली नाही, तिने ते ऐकलंही होतं.

तेव्हापासून मी पवनारला जातो तेव्हा सोबत आचल असते. नवी सीट आली आहे, तिच्यात बांधलेली. नदीपाशी उतरलं की ती माझं बोट घट्ट धरते आणि शेवटच्या खडकापासून चार हात अलीकडे मला थांबवते. मला वाटायचं, पोरीला बापाचा केवढा लळा. परवा कळलं, रोशनीने तिला बजावून ठेवलंय, की बाबाचा हात सोडायचा नाही, बाबा पाण्यात जातो.